संमोहनाबद्दल सोलापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

शाळा, महिला मंडळं, विडी घरकुलातल्या बैठका, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे अशा ठिकाणी बोलणं झालं की चिठ्ठ्या येतात आणि रात्री व्हॉट्सॲपवर उरलेले प्रश्न येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संमोहन म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगा.

लक्ष एकाच गोष्टीवर इतकं स्थिरावतं की आजूबाजूचं मागे सरतं आणि दिलेल्या सूचना मन व शरीर सहज उचलतं, ती अवस्था म्हणजे संमोहन. पुण्याहून गाडी चालवत येताना विचारांच्या नादात टेंभुर्णी कधी मागे पडलं ते कळत नाही, पण ब्रेक, गिअर, आरसा सगळं बिनचूक चाललेलं असतं. साधारण त्याच जातीचा हा अनुभव आहे. फरक एवढाच की इथे ती अवस्था ठरवून, कोणाच्या तरी मदतीने आणि काही हेतू धरून आणली जाते.

२. संमोहनात माणूस झोपतो की बेशुद्ध पडतो?

दोन्ही नाही. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख काढला तर तो जाग्या माणसासारखाच दिसतो. बाहेरचा रिक्षाचा हॉर्न, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, सगळं ऐकू येतं. म्हणूनच पहिल्या बैठकीनंतर बरेच जण नाराज होऊन म्हणतात, "मला तर सगळं कळत होतं, म्हणजे झालंच नाही." झालेलं असतं. सगळं विसरायला होईल ही अपेक्षा सिनेमांनी लावलेली आहे. आपोआप विस्मरण क्वचितच होतं.

३. नजरेला नजर भिडवून किंवा लोलक हलवून कोणी मला वश करू शकतो का?

नाही. याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण बाकीचे निम्मे गैरसमज याच एका समजुतीतून निघतात.

आधी एक प्रयोग करून बघा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंफा. दोन्ही तर्जन्या सरळ उभ्या करा, त्यांच्यात बोटभर अंतर ठेवा आणि मधल्या फटीकडे टक लावून बघा. थोड्याच वेळात तर्जन्या आपोआप जवळ येऊ लागतील. गुंफलेल्या हाताचे स्नायू त्यांना आत ओढतात, एवढंच. पण त्याच वेळी समोरचा माणूस गंभीर आवाजात म्हणाला, "आता बोटं जवळ येतायत, माझी शक्ती त्यांना ओढतेय," तर? शरीराने आपणहून केलेल्या गोष्टीचं श्रेय तो खिशात घालतो आणि त्याचं पुढचं वाक्य आपण जास्त विश्वासाने ऐकतो.

अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर पॅरिसमध्ये सांगत असे की आपल्या अंगातून एक चुंबकीय द्रव रोग्यात जातो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होते. समितीने तपासून सांगितलं की असा द्रव नाही, परिणाम घडतो तो कल्पनेमुळे.

मग हे घडतं कोणाच्या मनात, याचं नेमकं उत्तर दिलं ते आपल्या शेजारच्या माणसाने. गोव्यात कांदोळी इथे १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर व्याख्यानं देत. समोरच्याला खुर्चीत बसवून ते फक्त "झोपा!" म्हणत. त्यांचं म्हणणं होतं की माझ्यात कसलीही शक्ती नाही, जे होतं ते या बसलेल्या माणसाच्या मनात होतं. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे, हात पुढे करून एका स्त्रीवर झुकलेले फारिया. गोव्याला गेलात तर नक्की बघा, मात्र हातांतून शक्ती जातेय असं जे त्या पुतळ्याकडे पाहून वाटतं, ते त्यांच्या शिकवणुकीच्या उलट आहे. पुढे १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या शल्यचिकित्सकाने या विषयावर पुस्तक लिहिलं, त्यातूनही चुंबकीय द्रव बाद झाला आणि एकाग्रता मध्यभागी आली.

लोलक, भिंतीवरचा ठिपका, मेणबत्तीची ज्योत ही लक्ष टेकवायची ठिकाणं आहेत. तुम्ही लक्ष दिलं नाही तर लोलक नुसताच हलत राहतो.

४. दुबळ्या मनाची माणसंच संमोहित होतात ना?

उलट बऱ्याचदा कल्पनाशक्ती चांगली असलेली, पुस्तकात किंवा भजनात सहज रंगून जाणारी माणसं लवकर प्रतिसाद देतात. बुद्धी कमी-जास्त असण्याशी किंवा इच्छाशक्तीशी याचा संबंध दिसलेला नाही. १९५९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हे मोजायची पट्टी तयार झाली, ती आजही वापरली जाते. साधारण दहा ते पंधरा टक्के लोक खूप प्रतिसाद देतात, तेवढेच जवळपास काहीच देत नाहीत आणि बाकीचे मधे कुठेतरी असतात. मुलं, विशेषतः आठ ते बारा वयाची, मोठ्यांपेक्षा सहज रमतात.

५. संमोहनात माझ्याकडून गुपितं किंवा एटीएमचा पिन काढून घेतील का?

संमोहनात माणूस खोटं बोलू शकतो, गप्प राहू शकतो, डोळे उघडून उठून जाऊ शकतो. नको असलेली सूचना आली की बहुतेक जण एकदम भानावर येतात.

"बहुतेक" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. १९६५ मध्ये ऑर्न आणि इव्हान्स या संशोधकांनी संमोहित लोकांना संशोधकाच्या अंगावर ॲसिड फेकायला सांगितलं आणि त्यांनी फेकलं. पण ज्यांना संमोहित न करता फक्त तसं नाटक करायला सांगितलं होतं, त्यांनीही फेकलं! नंतर विचारल्यावर लोक म्हणाले, प्रयोगशाळा आहे, साहेबांनी काळजी घेतलेली असणारच. (घेतलेलीही होती.) म्हणजे माणूस वाकतो तो अधिकाराच्या आणि विश्वासाच्या वजनाखाली, आणि त्यासाठी संमोहनाची गरज लागत नाही. हे पुढच्या उत्तरासाठी लक्षात ठेवा. विश्वासाच्या गैरफायद्याबद्दल प्रश्न १४ वाचा.

६. मग भरबाजारात बाईला संमोहित करून दागिने काढून नेले अशा बातम्या येतात, त्या खोट्या का?

चोरी खरी असते, बाईचं दुःखही खरं असतं. कारण मात्र चुकीचं छापलेलं असतं.

असे किस्से ऐकून घेताना नेमकं काय काय घडलं ते क्रमाने विचारावं. मग चित्र असं दिसतं. नवी पेठेतून किंवा एसटी स्टँडवरून एक मावशी घरी चालल्या आहेत. मोटारसायकलवरचे दोघे थांबतात. "मावशी, आम्ही पोलीस. पुढे चोरी झालीय, तपासणी चालू आहे. एवढं सोनं घालून कुठं निघालात?" तेवढ्यात तिसरा, त्यांचाच माणूस, रस्त्यानं येतो. त्यालाही दरडावतात. तो मुकाट्याने साखळी काढून देतो, ते कागदात पुडी बांधून त्याला परत देतात. आता मावशी पाटल्या काढतात. पुडी त्यांच्यासमोर बांधली जाते, पिशवीत ठेवली जाते. घरी उघडली की आत खडे. दुसरा प्रकार: "शेठला मुलगा झालाय, गरिबांना साड्या वाटतायत, दागिने काढून ठेवा म्हणजे गरीब दिसाल."

यात संमोहन कुठे आहे? अधिकाराचा दरारा आहे, घाई आहे, साक्षीदार म्हणून उभा केलेला साथीदार आहे, हातचलाखी आहे. घाबरलेल्या माणसाला तपशील तुटक आठवतात. म्हणून "मला काही कळलंच नाही" हे वाक्य अगदी प्रामाणिक असतं. त्यात घरचे विचारतात, "तू दिलेस तरी कसे?" या प्रश्नापुढे "त्यांनी मला संमोहित केलं" एवढं एकच उत्तर असतं ज्यात तिची अब्रू राहते.

मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण त्यात चोराचा फायदा होतो. संमोहनाला भुरळ समजून लोक नजर चुकवायला शिकतात, "दागिने काढा" हे वाक्य ऐकल्यावर चालू लागायला शिकत नाहीत. रस्त्यात कोणी दागिने काढायला सांगतोय म्हणजे तो पोलीस नाही, हे घरातल्या प्रत्येक बाईला सांगून ठेवा. जवळच्या दुकानात शिरा, मोठ्याने बोला, ११२ ला फोन करा. घडून गेलंच तर तक्रारीत गाडीचा रंग, भाषेचा हेल, शर्ट, वेळ, समोरचं दुकान हे सांगा. सीसीटीव्ही त्यावरून शोधता येतो. आणि घरच्यांनी पहिल्या दिवशी प्रश्न विचारू नयेत, पाणी द्यावं.

रेल्वेत बिस्कीट किंवा चहा देऊन लुटणं हा तिसराच प्रकार. ते गुंगीचं औषध असतं, विषबाधेचं प्रकरण असतं. अशा माणसाला आधी सिव्हिलला न्या, जबाब नंतर.

७. नार्को टेस्ट म्हणजे संमोहनच ना?

नाही. नार्कोमध्ये शिरेतून औषध देऊन अर्धवट गुंगी आणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय अशी चाचणी कोणावरही करता येणार नाही. औषध दिलं म्हणजे माणूस खरंच बोलतो असंही नाही.

८. संमोहनातून बाहेर आलोच नाही तर?

असं होत नाही. करणारा माणूस खोलीतून निघून गेला तरी तुम्ही थोड्या वेळाने आपणहून डोळे उघडाल, किंवा डुलकी लागेल आणि मग उठाल. घाईघाईत उठवलं तर काही वेळ जड किंवा सुस्त वाटू शकतं.

९. स्टेजवर मी स्वतः पाहिलंय. आमच्या कॉलेजातला मुलगा कोंबडा होऊन आरवला. ते काय नाटक होतं?

पूर्ण नाटक नाही आणि पूर्ण संमोहनही नाही. सुरुवातीला सगळ्या सभागृहाला "हात गुंफा, आता सुटणार नाहीत" असं करायला लावतात, ते आठवा. ज्यांचे हात सुटत नाहीत तेच वर बोलावले जातात. त्यातूनही दोघा-चौघांना "तुम्ही बसा" म्हणून परत पाठवतात. उरतात ते जास्त प्रतिसाद देणारे आणि हौशी. समोर मित्र टाळ्या वाजवतायत, दिवे अंगावर आहेत, काही बोललं तर "मी शुद्धीत नव्हतो" ही सबब तयार आहे. मग आरवायला काय लागतं?

दोन खुर्च्यांवर आडवा ठेवलेला ताठ माणूस हा तर संमोहनाचा पुरावाच नाही. अंग ताठ धरलं की अनेकांना ते थोडा वेळ जमतं. पण त्याच्या पोटावर कोणी उभं राहिलं तर मणक्याला इजा होऊ शकते, म्हणून असा प्रयोग शाळेत होऊ देऊ नका.

१०. मग उपचारात याचा उपयोग आहे तरी कशाला?

सर्वांत भक्कम पुरावा दोन ठिकाणी आहे: वेदना आणि आतड्यांचा त्रास.

ज्यांना आयबीएस आहे, म्हणजे पोटात मुरडा, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल, त्यांच्यासाठी मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये संमोहनाची चाचणी प्रसिद्ध केली आणि रुग्णांना स्पष्ट फरक पडला. आज ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत, वर्षभर औषधांनी आराम न पडलेल्यांसाठी हा पर्याय नोंदवलेला आहे.

वेदनेचा इतिहास भारतातला आहे. १८४५ पासून हुगळीत जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने तेव्हाच्या मेस्मरी पद्धतीने रोग्यांना तयार करून मोठमोठ्या गाठी कापून काढल्या. भूल देणारं औषध तेव्हा उपलब्धच नव्हतं. पण ते सगळ्यांवर चालत नसे, वेळ फार लागे. १८४६ मध्ये ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आल्यावर ती पद्धत मागे पडली, आणि ते योग्यच झालं. आजही संमोहन भुलेच्या जागी येत नाही, सोबत येऊ शकतं. दाताची भीती, भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग, शस्त्रक्रियेआधीची धास्ती, इथे मदत होते.

१९९७ च्या एका प्रयोगात गरम पाण्यात हात बुडवलेल्या लोकांना संमोहनात सुचवलं की चटका तेवढाच आहे, पण तो आता कमी त्रास देतोय. मेंदूच्या चित्रात त्रास नोंदवणाऱ्या भागाची हालचाल बदलली, चटक्याची जाणीव नोंदवणाऱ्या भागात तसा फरक दिसला नाही. म्हणजे "सगळे मनाचे खेळ" म्हणून उडवून लावता येईल अशी ही गोष्ट नाही. साखर, रक्तदाब, कॅन्सर संमोहनाने बरा होतो असं सांगणाऱ्याच्या दारातून मात्र परत फिरा.

११. प्रत्यक्ष बैठकीत काय करतात?

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ बोलण्यातच जातो: त्रास काय, औषधं कुठली, तुम्हाला शांत कुठे वाटतं. एकीने शेताच्या बांधावरचं लिंबाचं झाड सांगितलं, तर पुढे सगळ्या सूचना त्या सावलीतून जातात.

मग खुर्चीत टेकून बसायचं, चष्मा काढायचा, समोरच्या एका ठिकाणी बघायचं. पापण्या जड होतात त्या बघून बघून थकतात म्हणून. श्वास, खांदे, हात असं एकेक सैल सोडायला सांगतात, हळू आकडे मोजतात. त्यानंतर कामाच्या सूचना, उदाहरणार्थ पोटावर ठेवलेल्या हाताची ऊब आत उतरतेय आणि मुरडा सैल होतोय. शेवटी उलटे आकडे मोजून बाहेर. सगळं मिळून पाऊण तास वगैरे. बैठका अनेक लागतात आणि मधल्या दिवसांत घरी सराव करावा लागतो.

१२. तंबाखू, मावा, दारू सुटेल का?

"एका बैठकीत व्यसन कायमचं बंद" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. धूम्रपानावरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा संमोहन इतर समुपदेशनापेक्षा सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. तुमचा निश्चय पक्का असेल तर आधार म्हणून करा, पण निकोटिन गम, डॉक्टरांचा सल्ला आणि १८००-११-२३५६ ही मोफत तंबाखूमुक्ती सेवा आधी.

दारूबद्दल कडक सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची असते.

१३. दहावी-बारावीच्या मुलांसाठी स्मरणशक्ती वाढवणारं संमोहन शिबिर आहे. घालू का?

परीक्षेची धास्ती, घाम फुटणं, पेपर बघून सुचेनासं होणं, यासाठी शिथिलीकरणाचा उपयोग होतो. न वाचलेला धडा संमोहनाने आठवत नाही. शंभर मुलं एका हॉलमध्ये बसवून कोणाचीही चौकशी न करता घेतलेलं शिबिर मी माझ्या मुलासाठी निवडणार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे वर्ग तर संमोहनही नाहीत आणि शिक्षणही नाही. नाकाशेजारच्या फटीतून दिसतं, मूल ते लपवायला शिकतं.

१४. कोणाकडे जावं? बाईने एकटीने जावं का?

"संमोहन येतं का" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: तुमचं मूळ शिक्षण काय? मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, दंतवैद्य, भूलतज्ज्ञ, जो आजार संमोहनाशिवायही हाताळायची ज्याची पात्रता आहे त्यानेच तो संमोहनाने हाताळावा. नुसतं शनिवार-रविवारचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, क्रमांक मागा. चांगला माणूस रागावत नाही. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर सिव्हिलचा मानसोपचार विभाग आहे आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

सोबत माणूस आणायला नकार, दार आतून बंद, अंगाला विनाकारण स्पर्श, "हे घरी सांगू नका" यातलं एक जरी दिसलं तरी उठून निघा. प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे मनाविरुद्ध जाण्याची जादू नसते, तरीही डोळे मिटून विश्वासाने बसलेल्या माणसाचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो. तसं घडलं तर "मी उठले का नाही" म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तो गुन्हा त्याचा आहे.

१५. कोणी संमोहन करू नये?

भास होत असतील, कानात आवाज येत असतील, स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र उन्माद असेल तर नाही. फिट्सचा त्रास असल्यास न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही. मोठा आघात झालेल्यांनी फक्त अनुभवी तज्ज्ञाकडेच. आणि पोटदुखी, डोकेदुखी, वजन घटणं याचं कारण डॉक्टरांनी तपासायच्या आधी कोणीच नाही.

१६. पूर्वजन्म किंवा विसरलेली आठवण संमोहनाने बाहेर काढता येते का? घरातली चोरी कोणी केली ते कळेल का?

संमोहनात आठवणी जास्त येतात, पण खऱ्यासोबत कल्पितही येतं आणि दोन्हींवरचा विश्वास सारखाच वाढतो. धोका इथेच आहे. "तुझ्या खोलीत कोण दिसतंय?" असं विचारलं की मन कोणाला तरी उभं करतं. मग निरपराध मोलकरणीवर आळ येतो आणि सांगणारा शपथेवर ठाम असतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच संमोहनाने "ताज्या" केलेल्या साक्षींवर कडक मर्यादा घातल्या.

पूर्वजन्माचंही तसंच. कॅनडातले निकोलस स्पॅनोस यांनी तपासलं तेव्हा लोकांच्या गतजन्मीच्या कथा त्यांना आधी काय सांगितलं होतं त्याप्रमाणे बदलत होत्या आणि त्यातले इतिहासाचे तपशील बऱ्याचदा चुकत होते.

१७. अंगात येणं म्हणजे संमोहनच का? संमोहनाने ते उतरवता येईल?

वाद्यं, गर्दी, श्रद्धा, उपास यांत लक्ष एकवटतं आणि भान बदलतं, एवढं साम्य आहे. दोन्ही एकच आहेत असं म्हणणं घाईचं होईल. वर्षातून एकदा देवीच्या ठिकाणी अंगात येतं आणि बाकी दिवस ती बाई सुखात आहे, तर तिच्या मागे लागू नका. घरातच वरचेवर येत असेल तर ती एरवी मनातलं कोणाला बोलू शकते का, ते आधी बघा. उतरवायला मारहाण, मिरच्यांची धुरी, उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे. डोळे फिरणं, जीभ चावली जाणं, कपड्यात लघवी होणं असं दिसलं तर ती फिट असू शकते, लगेच दवाखाना.

१८. जादूटोणाविरोधी कायद्याने संमोहनावर बंदी आहे का?

नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा अंगात अलौकिक शक्ती असल्याचं भासवून फसवणं, इजा करणं, लुबाडणं यांना रोखतो. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. संमोहनाचं नाव पुढे करून कोणी "दैवी शक्ती" विकत असेल तर तक्रार करा. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर १९५४ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे.

१९. आमच्या आजी पूर्व भागातल्या, विचार तेलुगूतच करतात. मराठीत चालेल?

शक्यतो नाही. सूचना मनातल्या भाषेत द्यावी लागते. तेलुगू किंवा कन्नड येणारा तज्ज्ञ शोधा, सोलापुरात ते अवघड नाही. नातीने शेजारी बसून भाषांतर करणं ही शेवटची तडजोड.

२०. यूट्यूबवरचं स्वसंमोहन ऐकू का?

झोपण्यापूर्वी, साध्या ताणासाठी हरकत नाही. गाडीवर, मागावर किंवा गॅससमोर अजिबात नाही. ऐकून अस्वस्थ वाटलं तर बंद करा आणि प्रश्न १५ परत वाचा.

२१. आमच्या मुलीवर एका मुलाने मोहिनी घातली आहे. तुम्ही ती संमोहनाने उतरवाल का?

हा प्रश्न आईवडील फार कळवळून विचारतात. उत्तर नाही असंच आहे. प्रश्न ३ मध्ये सांगितलं तशी मोहिनी नसते, आणि मुलीच्या संमतीशिवाय तिच्या मनावर काही करणं कुठल्याही प्रामाणिक तज्ज्ञाला मान्य होणार नाही.

पण तुमची भीती उडवून लावत नाही. तिला धमकावलं जातंय का, फोटोवरून छळ चाललाय का, पैसे मागितले जातायत का, मैत्रिणींपासून तोडलं जातंय का, हे शांतपणे विचारा. तसं असेल तर ते संमोहन नसून गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील असेल तर १०९८, मोठी असेल तर १८१, फोटो किंवा पैशांचा ऑनलाइन प्रकार असेल तर १९३०. यातलं काहीच नसेल, ती सज्ञान असेल आणि तिने विचार करून निवड केली असेल, तर तिच्यासोबत बसून बोलावं लागेल. ते जमत नसेल तर समुपदेशकाकडे तिला एकटीला पाठवू नका, तिघंही या.